सगुणा उंबऱ्यावर

उंदीर पडला तेव्हा सगुणा उंबऱ्यावर उभी होती. एक पाय आत, दुसरा उचललेला, आणि तो उचललेला पाय काही केल्या बाहेर पडत नव्हता. बंकटराव बोरू शाईत बुडवून बसला होता आणि त्या पायाकडं बघत होता. म्हणजे बघत होता कागदाकडंच. पण गेल्या कित्येक महिन्यांत कागद आणि सगुणा यांत त्याला फरक राहिला नव्हता. सगुणा त्याच्या कादंबरीतली बाई. नवरा परागंदा झालेली, सासरच्यांनी चार भिंतींत कोंडून घातलेली, आणि शेवटच्या प्रकरणात एका सकाळी कुणाला न विचारता घर सोडून जाणारी. जाणार हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पण बाई जाईल तर शपथ! दहादा कडी काढून झाली, दहादा पदर खोचून झाला, आणि दर वेळी बया आपली उंबऱ्यावर खांबासारखी उभी. तेवढ्यात वरच्या तुळईवरून काहीतरी सरपटत आलं, भिंत धरत धरत उतरलं आणि दौतीपासून हातभर अंतरावर धप्पकन पडलं. एक गिरकी घेतली, चारी पाय ताणले आणि गप्प झालं. सकाळचं ऊन दारातून आत आलं होतं. त्या उन्हात शेपटी पडून होती. तोंडाशी रक्ताचा एक ठिपका होता.

उंदीर असा दिवसाढवळ्या, माणसाला न भिता, समोर येऊन मेला की काय करायचं, हे बीडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओरडायचं. दारात उभं राहून आळीला ऐकू जाईल असं ओरडायचं, उंदीर पडला हो! मग सगळी आळी उठायची. चुली विझवायच्या, पीठमीठ बांधायचं, घरांची दारं सताड उघडी टाकायची आणि बिंदुसरा नदीपलीकडच्या माळावर खोपी घालून राहायचं, गाठीचा ताप गावातून निघून जाईपर्यंत. कचेरीच्या दवंडीची वाट बघत कुणी बसत नसे. ज्याच्या घरात पहिला उंदीर पडला त्यानं ओरडायचं, एवढा एकच कायदा, आणि तो निजामसरकारच्या कुठल्याही कायद्यापेक्षा जुना. भांडणं असली तरी, वैर असलं तरी ओरडायचं. बंकटरावानं तोंड उघडलं. खरंच उघडलं. मग त्याची नजर कागदावर गेली आणि सगुणेचा उचललेला पाय त्याला दिसला, टाच थोडी भेगाळलेली, जोडवं सैल झालेलं. जोडवं सैल झालेलं! हे त्याला आत्ता दिसलं होतं, या क्षणी, इतके दिवस दिसलं नव्हतं. त्यानं तोंड मिटलं. जोडव्याचं वाक्य आधी लिहून घेतलं. मग खोडून टाकलेल्या एका पानात उंदीर गुंडाळला, मागच्या दारानं परसात गेला, पुडी उकिरड्यावर लांब भिरकावली, राखेनं हात घासून धुतले आणि परत येऊन बसला. कुणी बघितलं नव्हतं. स्वयंपाकघरात बायको दळत होती, जात्याची घरघर भिंतीतून येत होती, आणि ती घरघर एकदाही थांबली नव्हती.

आता सांगू, मग सांगू. दुपारी जेवताना सांगू. छे, जेवताना कशाला, संध्याकाळी सांगू. एक उंदीर म्हणजे काही मरी नव्हे. मांजरानं धरून सोडलेला असेल, कुणी कणकेत सोमलाचं विष घालून ठेवलं असेल. लोकांना काय, निमित्त पाहिजे माळावर पळायला. आणि समजा मरीचा असला, तरी चार दिवसांनी काय बिघडतं? त्याचं काम चार दिवसांचं होतं. फार तर आठ. सगुणा एकदा बाहेर पडली की मग ओरडेन, गच्चीवर चढून ओरडेन, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडेन. तो स्वतःशी असा वाद घालत होता आणि कचेरीसमोर लोकांच्या अर्ज्या लिहिताना जशी एक एक सबब रचायचा तशी रचत होता. धंदाच तो. कचेरीच्या वडाखाली चटई टाकून बसलेला अर्जनवीस, ज्याला उर्दू येत नाही त्याचं दुःख उर्दूत लिहून देणारा. फिदवी, म्हणजे हुजूरांचा चाकर, गरीब आहे, फिदवी बेगुनाह आहे, फिदवीवर मेहरबानी व्हावी. दिवसभर दुसऱ्यांचं रडगाणं परक्या भाषेत लिहायचं, आणि सकाळचा एवढाच वेळ आपला, आपल्या भाषेचा. आज आता त्याच्या मनात एक फिदवी हात जोडून उभा होता आणि म्हणत होता, हुजूर, फक्त शेवटचं प्रकरण.

मागच्या मरीत तो ओरडला होता. तेव्हा उंदीर उतरंडीमागं पडला होता, आई जिवंत होती, लेक वत्सला झालेली नव्हती, आणि त्याच्या हातात दुसरं पुस्तक होतं. एका म्हाताऱ्या छागलवाल्याचं, पाण्याच्या पखाली आणि छागला शिवणाऱ्याचं. अर्धं झालं होतं. लोक कसे जिवंत झाले होते त्यातले, काय सांगावं! रस्त्यानं जाताना मागून हाक मारायचे. आणि तो शहाण्यासारखा दारात उभा राहून ओरडला, आणि सगळे माळावर गेले. माळावर वारा. वाऱ्यानं कागद उडत, धूर डोळ्यांत जाई, एका खोपीतलं बोलणं दुसऱ्या खोपीत, पोरांची रडारड, बायकांची पाण्यावरून भांडणं, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी खोपीतून हंबरडा. तीन महिन्यांनी परत आले तेव्हा घरात त्यानं दप्तर सोडलं, आणि पानं वाचली, आणि ते लोक मेलेले होते. म्हातारा होता, छागल होती, टोचा होता, सगळं जिथल्या तिथं, पण त्यात जीव नव्हता. आटलेल्या गाईला किती जरी पिळलं तरी काय येणार? शेजारीपाजारी येऊन म्हणत होते, नशीबवान बाबा तुमी, घरातलं एक माणूस गेलं न्हाई. आई देवाला नारळ वाढवून आली. आणि तो एकटाच घरात सुतक धरल्यासारखा बसून होता, आणि कोण गेलं म्हणून कुणी विचारायला आलं नाही. पुन्हा ते होऊ द्यायचं नाही. नाही म्हणजे नाही. जग बुडो.

आणि दिवस तर कसे मिळाले होते या वेळी! घर शांत. दोनच दिवसांपूर्वी बायकोचा, चंद्रभागेचा, भाऊ हरिबा नांदूरघाटाहून गाडी घेऊन बाजाराला आला होता, तर तिनं लेकीला, वत्सलेला, त्याच्याबरोबर लावून दिली होती. वहिनीला दिवस गेल्यात, तिच्याजवळ लेकरू खेळायला पायजे, म्हणाली. वत्सला गाडीत बसताना हातपाय आपटत होती, आणि चंद्रभागा गाडीचं साटं धरून कितीतरी वेळ चालत गेली होती, पार वेशीपर्यंत. बंकटरावानं तेव्हा खोलीतून मान वर करून बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं, देवच पावला. पोरगी म्हणजे दर घडीला 'बाबा, सगुणा कुठं हाय, मला दावा की.' आता घरात दोनच आवाज, जात्याचा आणि बोरूचा. चंद्रभागा सकाळी दळायला बसली की त्याचा हात आपोआप चालायला लागे. जातं थांबलं की वाक्य थांबे. हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला अक्षर येत नव्हतं आणि त्यानं तिला कधी काही वाचून दाखवलं नव्हतं. काय कळणार तिला? भाकरी वेळेवर येत होती, दिव्यात तेल असे, दौतीत पाणी कुणी घातलंय ते न विचारताही दौत भरलेली असे. बस्स. पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला आणखी काय लागतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची छबुबाई भिंतीवरून डोकावली. छबुबाई म्हणजे आळीची दवंडी. नातवंडांचं लेंढार घरात, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "अवं बंकटराव, पल्याडच्या पेठंत उंदीर पडल्यात म्हणं. तुमच्याकडं न्हाई ना काय दिसलं?" तो न्हाणीपाशी तोंड धूत होता. पाणी ओंजळीत तसंच राहिलं. हा क्षण होता, खरं सांगायचं तर याहून सोपा क्षण त्याला मिळायचा नव्हता. नुसतं 'हाय' म्हणायचं होतं. तो म्हणाला, "न्हाई बा." आणि वर आणखी, कुणी विचारलं नसताना म्हणाला, "आमच्याकडं मांजर हाय न्हवं." मांजर नव्हतंच. मांजर वत्सलेनं मागितलं होतं आणि त्यानं आणू दिलं नव्हतं, लिहिताना पायात येतं म्हणून. छबुबाईनं मांजर कुठं दिसतंय का म्हणून परसभर नजर फिरवली. मग "बरं बाई," म्हणून उतरली, आणि पलीकडं तिच्या नातवंडांचा गोंधळ सुरू झाला. ती पोरं दिवसभर उकिरड्याच्या अंगाला विटीदांडू खेळत. त्याला ते आठवलं. आठवलं, आणि तो आत येऊन बोरू तासू लागला. तासता तासता बोट कापलं. रक्ताचा ठिपका कागदावर पडला, तसाच, तेवढाच. त्यानं तो कागद चुरगाळला आणि दुसरा घेतला.

त्यानंतरचे दिवस त्याला दिवस म्हणून आठवत नव्हते. त्याला घराचा कानोसा घ्यायची सवय लागली. तुळईवर खुट्ट झालं की मान वर. पीठाचा डबा हलला की मान वर. कुठंतरी वास येतोय का? नाही, शाईचाच येतोय. आपल्या अंगाला हात लावून बघायचा, कपाळ, मान, जांघ. गार. चांगलं गार. मग लाज वाटायची, मग त्या लाजेचाच राग यायचा, आणि मग त्या रागातून एकाएकी सगुणा बोलायला लागायची. हेच तर भयंकर होतं. इतकं चांगलं त्यानं जन्मात लिहिलं नव्हतं. भीतीनं त्याचे कान टवकारले होते आणि त्या टवकारलेल्या कानांना सगुणेच्या घरातला श्वासही ऐकू येत होता. सासू कूस बदलते तो आवाज. रिकाम्या गोठ्यातली माशी. कचेरीत अर्जीत तो चुका करू लागला, फिर्यादीच्या जागी मुद्दाइलेहचं, प्रतिवादीचं नाव घातलं, एका शेतकऱ्यानं वडाखालीच त्याला फैलावर घेतलं, "बे मुन्शी, झोपलायस का?" तर हा हसला. त्याच्या मनात सगुणेनं नुकतीच कडी काढली होती. एकदा आंघोळीला बसला असता ते सगळं प्रकरण त्याला डोळ्यांपुढं दिसलं, पहिल्यापासून शेवटापर्यंत, आणि तो तांब्या हातात धरून एकटाच खळखळून हसला. चंद्रभागा पाणी विसणायला आली होती. ती दारातच थबकली, बघत राहिली, आणि पाणी न विसणताच परत गेली. हे उंदराच्या आधीचं की नंतरचं? आधीचंच. असेल. त्याला आता आधी आणि नंतर नीट लागत नव्हतं.

मग ती डाव्या हाताची गोष्ट. दुपारी तो जेवायला बसला होता आणि चंद्रभागेनं त्याच्या ताटात डाव्या हातानं भाकरी वाढली. डाव्या हातानं! चौदा पिढ्यांत कुणी वाढली नसेल. एरवी त्याच्या आईनं असं काही बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. त्यानं वर बघितलं. चंद्रभागा चुलीकडं तोंड करून बसली होती, डाव्या हातानंच कालवण ढवळत होती, उजवा हात पदराखाली. आणि बंकटरावाला राग आला नाही. त्याला आनंद झाला. अंगावर काटा उभा राहिला आनंदानं. मिळालं! उंबऱ्यावर अडलेल्या बाईला पुढं ढकलायला एवढंच हवं होतं. शब्द नको, रडणं नको, निश्चयाची भाषणं नकोत. एक बारीकशी चूक, घरातल्या कुणाच्या लक्षातही न येणारी. ती सगळं डाव्या हातानं करायला लागते. त्या घराचा उजवा हात म्हणून जिनं जन्म काढला तिनं उजवा हात काढून घेतला. तो भाकरी अर्धी टाकून उठला, हात तसाच खरकटा, आणि खोलीत जाऊन त्यानं लिहिलं, 'त्या दिवशी सगुणा सगळं डाव्या हातानं करत होती.' मागून चंद्रभागेनं विचारलं, "जेवन?" तो म्हणाला, "आलो, आलो." गेला नाही. प्रकरण पाण्यासारखं वाहत होतं. संध्याकाळपर्यंत सगुणा उंबऱ्यापाशी आली, पदर खोचला, कडी डाव्या हातानं काढली, पाय उचलला. पाय आता पडणार होता. एक पान राहिलं. सकाळी ताज्या मनानं लिहू म्हणून त्यानं बोरू धुऊन ठेवला. कितीतरी दिवसांनी तो गाढ झोपला.

सकाळी ऊन आलं तसा तो बसला आणि कालचं पहिल्यापासून वाचू लागला. चांगलं होतं. वाचताना त्याचे डोळे भरून आले इतकं चांगलं होतं. फक्त एक खटकत होतं. वाचणारा विचारील, डाव्या हातानं का? तसं वाचणाऱ्याला सगळं सांगायचं नसतं, पण लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागतं, नाहीतर वाक्य पोकळ वाजतं. का बरं? उजव्या हाताला भाजलं असेल. मग ती तेल लावील, फडकं गुंडाळील, ते दिसेल. फडकं दिसलं नव्हतं. बांगडी फुटून लागली असेल. बांगड्या होत्या, काल पदराखालून वाजल्या होत्या. रुसली असेल. छे, रुसलेली बाई भांडी आदळते, ही तर एवढ्या हळू करत होती की जणू हात काचेचा. उसण? उसण भरली तर माणूस कण्हतो, चोळायला सांगतो. मग असा हात अंगापासून लांब धरून, खांदा वर उचलून, काखेत काही धरल्यासारखा कोण चालतं. काखेत. त्यानं बोरू खाली ठेवला. कधीपासून तरी त्याला घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय ते आत्ता त्याला कळलं. जातं वाजत नव्हतं.

स्वयंपाकघरात चंद्रभागा जात्यापाशीच बसली होती. जोंधळे पाटीत तसेच. खुंट्यावर कपाळ टेकलेलं, डोळे लाल, उजवा हात अंगापासून लांब, काखेत अंडं सांभाळल्यासारखा. तो आलेला बघून ती सावरून बसायला गेली आणि तिच्या तोंडून कण्हणं निसटलं.

"काय हुतंय?"

"काय न्हाई. कणकण हाय जराशी. झालं का तुमचं?"

"हात वर कर."

"तुमचं झालं का ते सांगा आदी."

"हात वर कर म्हणतो ना!" तो ओरडला, आणि ओरडताना त्याला वाटलं, हे ओरडणं किती दिवस घशात अडकलं होतं. तिनं हात उचलायचा प्रयत्न केला. उचलेना. त्यानं कपाळाला हात लावला, तो चटका बसल्यासारखा मागं आला. तो तिच्यासमोर मातीत मटकन बसला. "उंदीर पडला हुता," म्हणाला. "माझ्या खोलीत. मी सांगितलं न्हाई. तुला न्हाई, कुणाला न्हाई."

"ठावं हाय मला," चंद्रभागा म्हणाली.

त्याला वाटलं तापाच्या भरात बोलतेय. पण ती त्याच्याकडं सरळ बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमच्याच कागदात गुंडाळलेला हुता न्हवं? राख टाकाया गेलते, तर लिवलेला कागद. या आळीत लिवलेला कागद दुसरं कोन टाकील? छबुबाईची पोरं तिथंच खेळत्यात, म्हनून खड्डा काढून पुरला." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "त्याच्या आदीच एक पडला हुता. कणगीमागं. तवाच वत्सीला दादासंगं लावून दिली."

"मग मला कावून सांगितलं न्हाईस? अगं, मला कावून न्हाई सांगितलंस?"

"सांगनारच हुते. सांगाया म्हनूनच आलते, तर तुमी न्हाणीत तांब्या धरून हसत बसलेले. लगीन झाल्यापून तुमाला असं हसल्यालं बघितलं न्हवतं मी. म्हनलं, हू दे चार रोज. मागल्या बारीला माळावरून आलो तर वरीसभर तुमी बोलला न्हाई कुनाशी, मला का दिसत न्हवतं? मग तुमचा उंदीर घावला. म्हनलं, यांना बी ठावं हाय. ठावं असून लिवत्यात, म्हंजी तसंच मोठं कायतरी असंल ते. मला काय कळतंय त्यातलं." मग तिला धाप लागली, आणि धापेतच म्हणाली, "सगुणा गेली का घरातून?"

त्याला समजेना. "सगुणा घर सोडणार हे तुला कसं ठाऊक?"

"तुमी लिवताना बोलता की. मोठ्यानं. भिंतीतनं सगळं येतंय. म्हनून तर जातं हळू फिरवत हुते, ऐकाया."

मग मात्र त्याचं डोकं फिरलं. तो खोलीत गेला, सगळी पानं कवेत धरून आणली, महिन्यांमहिन्यांची, आणि चुलीपुढं बसला. आर होता चुलीत, फुंकर मारली तर पेटला असता. पहिली चवड त्यानं आत सारली, कडा काळी पडायला लागली. चंद्रभागा जात्यापासून सरपटत आली, डाव्या हातानं ती चवड बाहेर ओढली आणि कडेवर हात आपटून विझवली. ती रडत नव्हती. आता मात्र तिला राग आला होता. "ठिवा ते! जाळता व्हय? मग मी कावून राहिले? वत्सीसंगं मला जाता येत न्हवतं व्हय? हां? मग मी कशापायी राहिले हितं?" त्यानं पानं गोळा केली, रुमालात बांधली, आणि पुढचं दार उघडून आळीत जाऊन उभा राहिला.

"उंदीर पडला हो!" आवाज फाटला. त्यानं पुन्हा हाक दिली. दारं धडाधड उघडली. छबुबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "कवा पडला? आत्ता?" तिनं विचारलं. आत्ता म्हणून सांगता आलं असतं. आळीनं ते पदरात घेतलं असतं, आणि कधी कुणाला कळलं नसतं. "न्हाई," बंकटराव म्हणाला. "लई दिवस झाले." छबुबाईनं उकिरड्याकडं मान वळवली. मग म्हणाली, "माझी लेकरं उकिरड्यावर खेळत्यात, मुडद्या," आणि पिठाचे हात तसेच पदराला पुसून नातवंडांना एकेकाच्या दंडाला धरून आत ओढू लागली. दुपारपर्यंत आळी ओस पडली. छबुबाईचा थोरला मुलगा बिभीषण गाडी घेऊन बंकटरावाच्या दाराशी आला, त्याच्याकडं न बघता चंद्रभागेला उचलून घोंगडीवर निजवायला हात लावला आणि बैल हाकले. उंबरा ओलांडताना चंद्रभागा दोघांच्या हातांवर होती. तिचा पाय उंबऱ्याला लागलाच नाही.

माळावरच्या खोप्या याही वेळी तशाच. पऱ्हाट्यांचे कूड, वारा, धूर, पाण्यावरची भांडणं. फरक एवढाच की त्यांची खोपी सगळ्यांपासून लांब, आणि छबुबाई रोज दुपारी मधल्या दगडावर भाकरी ठेवून जाते आणि हाक मारत नाही. तिच्या घरात अजून कुणाला ताप नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर तो तिच्या खोपीपुढची नातवंडं दुरून मोजतो आणि मगच तोंड धुतो. हकीमसाहेब आले, गाठ बघितली, जवसाचं पोटीस बांधायला सांगितलं. गाठ पिकून फुटली तर माणूस राहतं, आत बसली तर अल्ला मालिक, म्हणाले. गाठ ना फुटते ना बसते. बंकटराव पोटीस गरम करतो, बांधतो, सोडतो, पुन्हा गरम करतो. उजव्या हाताची बोटं भाजलीत. मधल्या वेळात चंद्रभागा डोळे उघडते आणि म्हणते, वाचा.

त्यानं पहिल्यापासून वाचून दाखवलं. वाऱ्यात, दगडाखाली पानं दाबून. काही ठिकाणी तिला पुढचं वाक्य आधीच ठाऊक असे, ओठ हलत. सासूचं एक बोलणं ऐकून ती म्हणाली, "हे तुमच्या आईचं हाय," आणि हसली. डाव्या हाताचं पान आलं. त्यानं ते गाळलं. ते खाली सरकवून पुढचं पान घेतलं, तर ती म्हणाली, "मधलं कुठं गेलं?" मग ते वाचावं लागलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बरूबर लिवलंय." एवढंच. मग कडी काढली, पदर खोचला, पाय उचलला, आणि पानं संपली.

"पुढं?"

"राहिलंय अजून."

"किती?"

"एक पान."

"मग लिवा की. मी हाय ऐकाया." आणि ती डोळे लावून पडली, कान बोरूकडं. कान किती टवकारलेले, ते तिच्या कपाळावरून कळत होतं. श्वास उथळ होता, पण नेमका होता, वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा. बंकटरावानं मांडीवर पाटी घेतली, पाटीवर कागद. वाक्य डोक्यात तयार होतं. कित्येक दिवसांपासून तयार होतं, शेवटचं वाक्य, त्याच्यापायीच तर हे सगळं झालं. सगुणेनं पाय बाहेर टाकला. एवढं लिहायचं आणि खाली रेघ ओढायची. त्यानं बोरू टेकवला आणि परत उचलला. पाय बाहेर पडला की पुस्तक संपलं, आणि पुस्तक संपलं की ही कशासाठी जागी राहणार? त्यानं चंद्रभागेकडं बघितलं. मग त्यानं लिहिलं, पाय मागं घेतला. सगुणेला आठवलं की चुलीवर दूध आहे. ती परत आत गेली. दूध उतरवलं, विरजण लावलं. मग परसात कोंबड्या मोकळ्या सुटल्या होत्या, त्या डालल्या. मग तिला वाटलं, एवढे पाटीभर जोंधळे दळून ठेवावेत, मागून सासू कुठं दळत बसेल. ती जात्याला बसली. जात्याचा एकेक फेर त्यानं लिहिला. असलं भिकार, पाणचट लिखाण त्यानं जन्मात केलं नव्हतं. कुठलाही शहाणा माणूस हे वाचून पुस्तक फेकून देईल. तो लिहीत होता. कागद संपत आला तशी अक्षरं बारीक करत होता, आणि मोठ्यानं बोलत होता, भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं, जरी इथं भिंत नव्हती.

ऊन कलायला लागलं. चंद्रभागेनं डोळे उघडले, त्याच्याकडं वळवले. आवाज एवढा बारीक झाला होता की त्याला तिच्या तोंडापाशी वाकावं लागलं.

"सगुणा निघाली का?"

"न्हाई गं," बंकटराव म्हणाला. "अजून लई कामं हायेत तिला."